साहेबांना विचारून

“...पण बुवा, मी नसलो तर तो दूध संघ चालायचा कसा?”

गिरधरबुवा चिंच फोडत होते. टेकडीवरच्या त्यांच्या मठात वर्षाची चिंच एकदाच फोडायची पद्धत होती, त्यामुळे पुढ्यात मोठा ढीग. ढिगापलीकडे विश्वंभर तांदळे बसलेले. तालुक्याच्या दूध संघाचे व्यवस्थापक. सफारी कडक इस्त्रीची, चेहराही तसाच.

“दूध कोण देतं?” बुवांनी विचारलं.

“म्हशी.”

“त्याही तुझ्याबरोबर रजेवर जाणार आहेत का?”

तांदळ्यांना हा विनोद आवडला नाही. त्यांना तसा कुठलाच आवडत नसे.

“बुवा, मी थट्टा ऐकायला आलो नाही. सोमवारी लोण्याच्या यंत्रापाशी चक्कर येऊन पडलो. डॉक्टर म्हणतात, डोक्यावरचा ताण कमी करा, नाहीतर तीन महिने घरी बसा. मला घरी बसवू नका. एखादा मंत्र द्या.”

शेवटी शेवटी त्यांचा आवाज हलला. माणूस खरंच घाबरला होता. मरणाला नाही, रजेला.

“ताण कसला?”

“एक असेल तर सांगू! संघात माझ्याशिवाय पान हलत नाही. तसा माझा लेखी हुकूमच आहे. कुठलंही काम करायचं ते साहेबांना विचारून. बारा वर्षं झाली.”

हे सांगताना मात्र चक्कर येणाऱ्या माणसाची छाती चांगली दोन इंच पुढे आली.

फोन वाजला.

मठाचा एक नियम होता. आलेल्याने फोन बुवांजवळच्या पाटीत ठेवायचा. तांदळे पुढे झेपावले, पण तोवर बुवांनी चिंचेच्या चिकट बोटानं स्पीकर लावला होता.

“सायब, गेटवरनं सातपुते बोलतोय. टँकर आलाय. गेट उघडू का?”

“साहेब इथंच बसलेत. मी मठातला बुवा. टँकरात काय आहे?”

“दूध हाय की.”

“आणि गेट कुणाचं?”

“दूध संघाचं.”

बुवांनी पुढची चिंच उचलली.

बारा वर्षांत सातपुत्यांवर असा बाका प्रसंग आला नव्हता.

“...उघडतो मग,” सातपुते दबकत म्हणाले.

“अहो, टँकरचा नंबर विचारला नाहीत!” तांदळे ओरडले.

“गेला तो आत,” बुवा म्हणाले आणि चिंच फोडू लागले.

पुन्हा फोन.

“सर, मी रेखा लोखंडे, प्रयोगशाळेतून. एका कॅनमधलं दूध आंबट निघालंय. परत पाठवू का?”

“ताई, मी बुवा बोलतोय. साहेब शेजारीच आहेत, सगळं ऐकतायत. दूध तपासलं कुणी?”

“मीच. दोनदा.”

“आणि साहेबांनी?”

“ते कसे तपासणार? ते तर तुमच्याकडे बसलेत.”

“मग ते काय सांगणार?”

“...खरंच की. परत पाठवते.” बाई क्षणभर घुटमळल्या. “बुवा, साहेबांची तब्येत बरी आहे ना? ऐकतायत म्हणता, आणि अजून ओरडले नाहीत...”

तांदळ्यांनी ओरडायला तोंड उघडलं. बुवांनी त्यात चिंचेचं बोटूक टाकलं.

“बरी आहे, ताई. तोंडात चिंच आहे.”

तिसरा फोन भांडारातून आला. श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं आली होती, ती कुठे ठेवू?

“डब्यांजवळ ठेवलीत तर?” बुवांनी विचारलं.

“ठेवून झाली हो. विचारायचं तेवढं राहिलं होतं.”

मग फोन वाजला नाही.

बुवा चिंच फोडत राहिले. चिंचोके टपटप सुपात पडत होते. तांदळ्यांनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं गेली. मग वीस.

खरं तर आता त्यांना हलकं वाटायला हवं होतं. पण गडी कासावीस झाला. कपाळावर घाम आला. सोमवारी पडण्याआधी झालं होतं अगदी तसंच.

“बुवा... फोन वाजत नाहीये.”

“हं.”

“रेंज गेली असेल.”

बुवांनी पाटीत डोकावून पाहिलं. “पूर्ण आहे.”

“मग बॅटरी?”

“तीही आहे.”

आणखी दहा मिनिटं. खाली रस्त्यावरून संघाची गाडी दुधाच्या पिशव्या घेऊन वेळेवर बाजाराकडे निघाली. तांदळे ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

“अर्धा तास होऊन गेला, बुवा. एवढ्या माणसांत एकालाही माझी आठवण येऊ नये?”

बुवांनी आणखी एक चिंचोका सुपात टाकला.

“मीच एकदा फोन लावतो. फक्त विचारतो, सगळं नीट चाललंय ना म्हणून.”

बुवांनी हात थांबवला. पाटीतला फोन उचलून धोतराच्या सोग्याला पुसला आणि तांदळ्यांच्या हातात दिला.

“लाव. त्यांना जरा ताण दे, म्हणजे तुला बरं वाटेल.”