बोलावलेल्याची वहिवाट

"...पाप लागतंय का न्हाई, तेवढं सांगा अय्या. बाकीचं माझं मी बघतो."

मन्मथ हालकुडेनं परत तेच विचारलं. अय्यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. मठाच्या ओसरीवर सूप पुढं घेऊन ते तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

अय्या म्हणजे आमच्या गावचे जंगम. लिंगायताच्या घरचं लगीन असो की मयत, त्यांच्यावाचून काही होत नाही. आता म्हातारे झालेत, बोलणंही कमी झालंय. मन्मथ त्यांचा दीक्षा घेतलेला शिष्य. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि डोक्यात सदा संशय.

मी त्याच्या शेताचा शेजारी. दोघांच्या मधे एकच बांध, म्हणून हे सगळं मला बघावं लागलं.

"कसलं पाप?" अय्या म्हणाले.

"रानाला तारेचं कुंपण घातलंय. त्यात करंट सोडायचाय."

"डुकरांसाठी?"

"डुकरं हायतंच. पण माणूस शिरायलंय."

"काय नेलं त्यानं?"

"काहीच न्हाई."

"हरभरा उपटला?"

"न्हाई."

"मोटारीची वायर?"

"जिथल्या तिथं. काहीच नेत न्हाई, म्हणून तर डोकं फिरलंय माझं. चोर असता तर काहीतर घेऊन गेला असता, मी शिव्या दिल्या असत्या, मिटलं असतं. हा मोकळ्या हातानं यायलाय आणि मोकळ्या हातानं जायलाय. मग कशाला यायलाय?"

मन्मथचं हे असं आहे. चोरी झाली तर संशय, नाही झाली तर दुप्पट संशय. मागं त्याच्या म्हशीनं दूध जास्त दिलं, तर यानं वैरणवाल्याला घरी बोलावून दरडावलं होतं, काय कालवलंस म्हणून.

"पाऊल कुठवर जातं?" अय्यांनी विचारलं.

"ओढ्याकडनं येतं, तारेखालनं शिरतं, विहिरीच्या खालच्या अंगाला जातं आणि तिथनंच माघारी फिरतं. तिथं भस्म सांडलेलं दिसतं. बेलाची पानं दिसतात. करणी हाय ती. न्हाईतर वहिवाट."

"कुणाची वहिवाट?"

मन्मथनं माझ्याकडं तिरकं बघितलं. मी शेंगा बघत राहिलो.

"नाव कशाला घ्यायचं? ज्याला वाटणीत ते रान पाहिजे होतं, त्याची."

म्हणजे रेवण. मन्मथचा धाकटा चुलतभाऊ. वाटणी झाली तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

वहिवाटीची भीती खोटी नाही, एवढं मात्र मन्मथच्या बाजूनं सांगतो. न विचारता जाणाऱ्याला रानातून जाऊ दिलं की पायवाट पडते. पायवाटेची वहिवाट होते, आणि ती झाली की मग मोडता मोडत नाही. आमच्याकडं वाटेपायी सख्ख्या भावांची डोकी फुटलीत.

अय्यांनी एक शेंग सोलली. दाणे सुपात टाकले.

"विहिरीच्या खालच्या अंगाला काय हाय?"

"हरभरा."

"हरभऱ्याखाली?"

"...माती. दुसरं काय असणार?"

हे मात्र तो धडधडीत खोटं बोलला. मला राग आला.

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून, हातात लिंग देऊन मातीत बसवतात, बहुतेक त्याच्याच रानात. विहिरीच्या खाली रेवणची आई बसलेली आहे. अय्यांनीच बसवली तिला. माती लोटायला मीही होतो.

घरात चूल एक होती तोवर मन्मथही त्या बाईच्याच हातचं खाऊन वाढला. पुढं वाटणीत ते रान याच्याकडं आलं. पहिल्याच नांगरटीला यानं तिच्यावरचा दगड उचलला आणि ओढ्याकडच्या बांधावर नेऊन ठेवला. नांगर सरळ जात नव्हता म्हणे.

अय्यांनी सूप बाजूला सारलं आणि भिंतीला धरून उठले.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या रानात. तिथं बघूनच सांगतो."

वाटेत मन्मथ मुद्दाम मागं राहिला आणि माझ्या कानाशी लागला.

"रेवणनं मठाला गाय दिली म्हणतात. खरं का?"

"दिली. त्याचं काय?"

"काही न्हाई. सहज विचारलं."

गुरूवरसुद्धा संशय. धन्य आहे बाबा, म्हटलं मी मनात.

रस्त्याकडच्या फाटकातून आम्ही आत गेलो. हरभरा घाट्यांवर आला होता. अय्या विहिरीला वळसा घालून सरळ खालच्या अंगाला गेले, आणि काही न बोलता पिकातच मांडी घालून बसले.

मन्मथचा जीव खालीवर झाला.

"अय्या, हरभरा मोडायलाय."

"मग हाकल मला."

"तुम्हाला कसं हाकलू?"

"मी तुला विचारून बसलो का?"

"...न्हाई."

"मग?"

"तुमचं वेगळं हाय."

अय्यांनी शेजारच्या मातीवर तळहात ठेवला.

"ही बसलीय. हिचं काय?"

मन्मथनं मान फिरवली.

"तिचा दगड बांधावर हाय. मी कुठं फेकून दिलाय? बांध तारेच्या भाईर हाय. तिथं यावं, बेल वाहावा, भस्म लावावं. मी कधी न्हाई म्हणलो?"

"दगड उठला, मन्मथा. ती उठली का?"

...

ओढ्याकडून कुणीतरी वर चढलं. रेवणच होता. सोमवार होता त्या दिवशी. हातात रुमालाची पुरचुंडी होती, त्यातून बेलाचं पान बाहेर आलं होतं.

आम्हा तिघांना तिथं बघून तो तारेपाशी थबकला. त्याची नजर अय्यांवर गेली, मग मातीवर, मग मन्मथच्या पायापाशी पडलेल्या खुरप्यावर. चेहरा उतरला त्याचा.

"तिला काढायलाव का काय?"

तो अय्यांकडं वळला.

"अय्या, तुम्ही पण ह्याच्यात?"

संशय हा काही एकट्या मन्मथचा मक्ता नव्हता. एका आजोबाची नातवंडं ती. रेवणनं खाली वाकून आत शिरायला तारेला हात घातला.

मन्मथ पांढराफटक पडला.

"तारेला हात लावू नको."

"तार तुझी हाय, अण्णा. माहीत हाय मला." रेवणनं ती आणखी घट्ट धरली.

"लावू नको म्हणतोय ना!"

"का? वाटणीत वारा पण तुझ्याकडंच आला का?"

मन्मथ पळाला. रेवणकडं नाही, उलटा, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीकडं. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. यानं वायर आधीच जोडली होती. आमच्याकडं शेतीची लाईट दुपारनंतर कधीही येते, तेवढीच काय ती आली नव्हती. वायर जोडून झाल्यावर हा शहाणा पाप लागतं का ते विचारायला मठात आला होता.

त्यानं उघड्या हातानं वायर उपसली आणि लांब फेकली.

तेवढ्यात लाईट आली, मोटार आपोआप घुरघुरली आणि पाटात पाणी पडायला लागलं.

रेवणनं मोटारीकडं बघितलं. फेकलेल्या वायरीकडं बघितलं. तारेवरचा हात हळूच काढून घेतला.

"माझ्यासाठी होतं हे?"

"...डुकरांसाठी."

मला वाटलं, उठावं आणि मन्मथच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. अय्या होते म्हणून बसून राहिलो.

मन्मथ परत आला तो पाटाच्या कडेला मटकन खाली बसला. पण जिभेचा पीळ काही गेला नव्हता.

"मग मी करू काय, अय्या? आज ह्याला सोडला, तर उद्या ह्याची पोरं म्हणतील, आमच्या बापाची वहिवाट हाय ही. रान माझं, आणि मीच कोर्टाच्या पायऱ्या चढू?"

"मला वाट नको, अण्णा," रेवण तारेपलीकडून म्हणाला.

"वाट नको म्हणणाराच वाट मागतो."

"मला तिच्यापाशी बसायचं असतं. तेवढंच."

"मग विचारून का येत न्हाईस?"

"तू बोलतोस का माझ्याशी?"

अय्या मातीवरचा हात न काढता म्हणाले,

"मन्मथ बरोबर बोलायलाय."

रेवणच्या डोळ्यांत पाणीच आलं. मन्मथही दचकला. आपण बरोबर असू, अशी त्याला स्वतःलाही खात्री नव्हती बहुतेक.

"न विचारता येणाऱ्याची वहिवाट होते," अय्या म्हणाले. "आज येतो, उद्या येतो, मग हक्क सांगतो."

"तेच तर म्हणतोय मी."

"आणि बोलावलेल्याची?"

"म्हणजे?"

"तुझ्या घरी तुझा मेव्हणा येतो. दर सणाला येतो. त्याची वहिवाट झाली का घरात?"

असल्या बाबतीत मन्मथचं डोकं चालतं. कायद्याच्या गोष्टी चावडीवर बसून ऐकलेला माणूस तो. त्यानं इकडून विचार केला, तिकडून केला.

"न्हाई होत," तो सावकाश म्हणाला. "बोलावलं म्हणजे... धनी बोलावणाराच राहतो."

"मग ज्याची भीती वाटती, त्याला बोलव."

...

मन्मथनं अय्यांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग रेवणकडं. कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"ह्यात काही डाव तर न्हाई ना, अय्या?"

"हाय."

"काय?"

"तुला ते तोंडानं म्हणावं लागंल."

पाट भरून वाहायला लागला. मन्मथ खाली बघून हातातलं ढेकूळ फोडत राहिला. ते फुटलं, दुसरं घेतलं, तेही फोडलं. मी म्हटलं, आता हा सगळं रान फोडतोय, पण बोलत नाही.

"ये."

"काय म्हणलास?" रेवणला ऐकू गेलं नाही, का परत ऐकायचं होतं, कोण जाणे.

"आत ये म्हणतोय. बहिरा हायस का? ...आजच्यापुरतं."

रेवण वाकला. तरी तारेला हात लावेना तो. सदरा अडकला तसा तिथंच अवघडून राहिला. मन्मथ उठला, "कुंपण ढिलं करू नको माझं" असं पुटपुटत गेला, आणि स्वतःच्या हातानं तार वर धरली.

अय्या उठून बाजूला झाले. रेवण त्यांच्या जागेवर बसला. पुरचुंडी सोडून त्यानं बेलाची पानं मातीवर ठेवली. एक पान खाली घरंगळलं, ते परत वर ठेवलं. मग तो रडला. मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही त्यानं. आईपाशी बसायला मिळालं म्हणून रडला, का मरतामरता वाचलो म्हणून, मला सांगता येणार नाही.

मन्मथनं तोंड वळवलं. पण तिथून हलला नाही. रेवणच्या मागं उभा राहिला, दोन्ही हात पाठीशी बांधून. काकू होती त्याची ती.

थोड्या वेळानं आम्ही निघालो. रेवण बसूनच होता, त्याला कुणी उठ म्हटलं नाही. अय्यांचं धोतर हरभऱ्याच्या आंबेनं, पानांवरच्या आंबट ओलीनं भिजलं होतं, ते झटकत ते पुढं चालले होते.

विहिरीपाशी मन्मथ थांबला. फेकलेली वायर त्यानं उचलली, धूळ पुसली, हातावर गुंडाळली. आता मला धडकी भरली. माणूस सुधारला असं वाटावं, तर हा परत पेटीपाशी उभा.

"अय्या," तो म्हणाला, "रातच्याला तरी जोडू का? डुकरं काय ऐकत न्हाईत. आणि आता रेवणची काळजी न्हाई. त्याला तर मी ये म्हणलोय."

अय्यांनी मागं वळून त्याच्या हातातल्या वायरीकडं बघितलं.

"तू म्हणलास. तारेनं ऐकलं का?"