भामासुईणीने होडीला श्वास दिला

ऐका. खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायला एकच होडी होती, तेव्हाची ही गोष्ट. हुरवाडीत भामा नावाची सुईण होती. तिचा हात लागला की अडलेली बाई सुटायची, असं म्हणतात. निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे भलेभले लोक तिच्यासमोर आवाज खाली ठेवून बोलत.

ती एकुलती होडी आत्माराम तांडेलाची. गावातलं पहिलं इंजिन तिलाच बसलं. लग्नाला नऊ वर्षं होऊन त्याच्या घरात पाळणा हलला नव्हता. दहाव्या वर्षी बायकोला, शेवंतीला, दिवस गेले आणि आत्माराम हरखून गेला. डिझेलची टाकी म्हणजे होडीचं पोट, असं त्याच्या मनाने घेतलं. तो नवस बोलला, की दर पौर्णिमेला टाकीच्या बुचावर शेंदूर चढवीन आणि मूल सुखरूप हातात येईपर्यंत त्याचा कणही निघू देणार नाही. आठ पौर्णिमा झाल्या. बुचाचा चांगला लाडू झाला.

पण तेव्हापासून होडीला कसलीशी खोड लागली. इंजिन चालता चालता गप्प व्हायचं आणि मग आपणहून शहाण्यासारखं सुरू व्हायचं. मिस्त्रीने दोनदा येऊन फिल्टर बदलला. त्याच्यासमोर धक्क्यावर ते तासभर न थकता चाललं, कारण तपासताना तो टाकीचं बूच काढून बाजूला ठेवायचा. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आत्मारामने मात्र शेंदराचे थर वाढवले.

नववा महिना लागला आणि एका दुपारी शेवंतीला कळा सुरू झाल्या. भामाने पोटावर हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला.

"पोर आडवा आसा," ती म्हणाली. "ह्या माज्या हातातला न्हय. पलतडी डॉक्टराकडे न्हेया."

ओहोटी लागलेली होती. शेवंती भामाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि आत्माराम सुकाणूवर होता. पाव वाट गेल्यावर इंजिन थांबलं. त्याने बूच उघडून डिझेल पाहिलं, बूच लावलं, हात जोडून नारळ बोलला, आणि इंजिन सुरू झालं. अर्ध्या वाटेवर, खाडीच्या मुखाशी, ते पुन्हा थांबलं. ओहोटी होडीला समुद्राकडे ओढू लागली. एकट्या माणसाची वल्ही तिथे काय करणार? आत्माराम रडकुंडीला आला आणि पुन्हा नारळ बोलू लागला.

भामा बाळंतिणीला विचारते तशी शांतपणे त्याला विचारू लागली.

"मगाशी चालू झाला, तेच्या आदी काय केलंस?"

"नारळ बोललंय."

"आनी तेच्या आदी?"

"बूच काडून डिझेल बघितलंय."

"तेवा काय आयकाक इला?"

आत्माराम आठवू लागला. सुस्स असा आवाज आला होता. दर वेळी येत असे.

भामाने बुचाकडे पाहिलं. प्रत्येक बुचाला टाचणीएवढं भोक असतं, हवा आत जायला. इथे ते शेंदराखाली पार बुजून गेलं होतं. डिझेल सरलं की त्याच्या जागी हवा लागते. ती मिळाली नाही तर टाकी डिझेल सोडत नाही आणि इंजिन उपाशी राहतं. हे भामाला कुणी शिकवलं नव्हतं. पण कोंडलेला श्वास तिला ओळखू येत असे. बूच काढूनच ठेवावं, तर लाटेचं पाणी टाकीत जाणार.

"शेंदूर खरवड," ती म्हणाली.

आत्माराम मागे सरला. "भामावयने, ह्यो पोरासाटी घातलंय. ह्यो काडलंय तर पोर जायत."

"आयेक श्वास नाय, तर पोराक खंयसून मेळतलो? पाप लागला तर माका लागात."

तो हलला नाही. हाच शेंदूर आपण आपल्या हातांनी, एवढ्या मायेने लावला आणि त्यानेच श्वास कोंडला, हे त्याला सोसवत नव्हतं. मग भामाने अंबाड्यातला आकडा काढला, एक हात शेवंतीच्या पोटावर तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने ते भोक टोकरून मोकळं केलं. "घे गो बाय, श्वास घे," ती म्हणाली. होडीला म्हणाली की शेवंतीला, यावर गावात अजून वाद आहे.

त्या श्वासाचा आवाज दोन्ही काठांवर ऐकू गेला, बगळ्यांचे थवे उठले आणि ओहोटी घटकाभर जागीच थांबली, असं म्हणतात. इंजिन सुरू झालं आणि होडी वाटेत कुठेही न अडखळता पलीकडे लागली. दिवेलागणीला मुलगी झाली, आणि आत्मारामने ती हातात घेतली तेव्हा त्याच्या नखांत शेंदूर होता. वाटेत उरलेला सगळा त्याने स्वतःच खरवडला होता.

आता पूल झाला आहे. अडलेली बाई ॲम्ब्युलन्सने जाते. तरी हुरवाडीतून गाडी निघताना घरातली एक बाई पुढे होते, अंबाड्यातला आकडा काढून डिझेलच्या झाकणाला टेकवते आणि म्हणते, "घे गो बाय, श्वास घे." ड्रायव्हर परगावचा असला तरी तेवढा वेळ थांबतो. आत झोपलेली बाई ते ऐकते आणि मोठा श्वास घेते.