कुंदाताईंची चाल

"मग चाल कुठली लावू, बुवा?"

रेवतीने हे तिसऱ्यांदा विचारलं. दशरथबुवा मेस्त्री पडवीत पेटीचं पोट उघडून बसले होते. भात्याला भोक पडलं होतं आणि त्यावर ते कातड्याचा तुकडा चिकटवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पहिल्या दोन वेळा तिने 'ट्रेंड' म्हटलं होतं. बुवांनी त्याचा अर्थ विचारला, तिने सांगितला. एक गाणं पुढे येतं, मग सगळं जग त्यावर तीच एक गोष्ट करत सुटतं, ज्याने त्याने आपापले शब्द घालायचे.

"म्हणजे चाल," बुवा म्हणाले होते. म्हणून तिसऱ्या वेळी तिने चाल म्हटलं.

रेवती धुरी पुण्याची. आडनावापुरतीच कोकणातली. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या आणि निवडून आलेल्या माणसांच्या रील करून देणं हा तिचा धंदा, आणि त्यात ती वाकबगार होती, यात वाद नाही. आज कुठलं गाणं उसळलंय हे तिला सकाळच्या चहाआधी कळे, आणि दुपारपर्यंत ते कुणा उमेदवाराच्या अंगावर चढलेलं असे. पाणीपुरवठ्याच्या एका सभापतींना सख्ख्या बायकोनेही हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना तिने रडक्या बाळाच्या आवाजावर ओठ हलवायला लावले होते. त्या वीस सेकंदांत अख्ख्या वॉर्डाला नळाच्या वेळा पाठ झाल्या. कसब होतं पोरीत. ते आहे हे तिलाही चांगलंच ठाऊक होतं.

पण या तालुक्याच्या गावात तिचं घोडं अडलं होतं.

नगराध्यक्षपदाला कुंदा गवस उभ्या होत्या. एकतीस वर्षं नर्स म्हणून याच पंचक्रोशीत फिरल्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. रेवतीने त्यांची रील केली आणि ती बारा लाख लोकांनी पाहिली. तिसऱ्या दिवसापासून कुंदाताईंनी दार लावून घेतलं. प्रचाराला जाणं बंद, कॅमेऱ्यापुढे उभं राहणं बंद. मतदानाला नऊ दिवस उरले होते. समोरचा उमेदवार दिवसाला दोन वाड्या पालथ्या घालत होता.

"लोकांच्या दारात जाऊक माका लाज वाटता," एवढंच त्या दाराआडून म्हणाल्या. आणि मग, "बुवांनी सांगल्यानी तर बघीन."

म्हणून रेवती इथे आली होती.

बुवा म्हणजे डबलबारीचे बुवा. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात, एकमेकांना चीत करायला बघतात, ती डबलबारी. दशरथबुवांनी चाळीस वर्षं ती गाजवली. तालुक्याला नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळाला बुवा पुढच्या बाकावर असत, आणि दुसऱ्या दिवशीच्या बारीत त्यातलं सर्वांत गाजणारं गाणं अभंगाच्या अंगावर बसलेलं असे. असं चपखल बसलेलं, की पुढे सिनेमावाल्यांनीच ते भजनावरून उचललं असावं असं म्हाताऱ्यांना वाटे. आता बुवांचा गळा गेला होता. हात शाबूत होते. दिवसा सुतारकाम आणि पेट्यांची दुरुस्ती चाले.

"दाखय बघया," बुवा म्हणाले.

रेवतीने मोबाइल पेटीच्या कडेला टेकवून उभा केला.

ढोलाची एक थाप पडते. नगरपंचायतीचं फाटक आपोआप उघडतं. काळा गॉगल लावलेल्या कुंदाताई संथ गतीने, पदर वाऱ्यावर टाकून, थेट आपल्या अंगावर चालत येतात. थाप, दुसरं दार. थाप, तिसरं. खाली अक्षरं, 'ताई येतायत'.

"परत लाय."

तिने परत लावली. बुवांची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. तिसऱ्यांदा बघताना त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं.

"कापलंस बरा गो," ते म्हणाले. "एकेक थाप समेवर पडता. पंचवीस वर्सांचो असताना माका ह्या जमला नसता."

ते मनापासून बोलत होते. रेवतीला ते कळलं आणि ती फुलली. दिल्लीच्या एका मोठ्या एजन्सीने शाबासकी दिली होती तेव्हाही तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"मग सांगा ना ताईंना. अशा आणखी दोन झाल्या की…"

"थांब. परत लाय."

चौथ्यांदा रील सुरू झाली आणि संपली.

"डावो पाय खय गेलो?"

…

"कुठला?"

"तिचो."

बारा लाख लोकांतल्या एकालाही हे दिसलं नव्हतं. कुंदाताई डाव्या पायाने लंगडत. दोन पावलं घाईची, मग डावा पाय किंचित फरपटत पुढे. ते लपवण्यात रेवतीची अख्खी एक दुपार गेली होती. डावा पाय जमिनीला लागणार इतक्यात दृश्य कापायचं आणि थापेवर पुढचं दार उघडायचं. असं सात वेळा. या रीलमधलं खरं कसब तिथेच होतं.

"ते वाईट दिसतं, बुवा," ती म्हणाली. "समोरचे लोक त्याची टिंगल करतील. म्हणून मी ते झाकलं."

"तिका इचारलंस?"

"दाखवली ना. दोनदा बघितली त्यांनी. चांगलं म्हणाल्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बरी चलता हां ही."

बुवांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. रेवतीच्या कानात तो शेवटचा शब्द आता उशिरा वाजला. ही… कुंदाताई स्वतःला 'ही' म्हणाल्या होत्या. आणि ती ते कौतुक समजून खूश होऊन निघून आली होती.

"पाय कसो मोडलो सांगल्यान तुका?"

"नाही… मी विचारलं नाही."

"व्हाळावरच्या लाकडी साकवावरसून पडली. व्हाळाक पाणी होता. डोक्यावर लशीची पेटी."

"मग?"

"पाय मोडलो. पेटी भिजली नाय."

बुवांनी आपल्या पेटीचं झाकण लावलं. ओला भाता सुकायला वेळ होता. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली आणि अंगठी घातलेलं बोट झाकणावर आपटलं.

ठक. ठक. मग तळवा लाकडावरून हलकेच ओढला. घस्स.

ठक. ठक. घस्स.

ते पुन्हा पुन्हा तेच करत राहिले. रेवती बघत होती. म्हाताऱ्याच्या मनात काय आहे ते तिला उमगेना.

आत स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज चालला होता. तो थांबला.

"कोण, कुंदा इली?" आतून सुलोचनाकाकींची हाक आली. "बस म्हणा तिका. चाय ठेवतंय."

बुवांनी हात आवरता घेतला.

…

रेवती खाली बघत राहिली. जिला लोक नुसत्या पावलावरून ओळखतात तिचं पाऊलच आपण कापून टाकलं, असं तिला वाटलं, आणि लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. त्याच वेळी समोरच्या या माणसाबद्दल असा काही आदर दाटून आला की त्याच्या पायाला हात लावावा असं वाटलं. तिला दहा जणांची टोळी आणि दोन कॅमेरे लागले होते. या माणसाने एका बोटाने आणि एका तळव्याने बाई दारात आणून उभी केली होती.

काकी तीन कप घेऊन बाहेर आल्या.

"कुंदा खय?"

बुवांनी तिसरा कप काकींच्या हातातून घेतला आणि मोबाइलच्या पुढ्यात ठेवला. आवाज बंद केलेली रील पडद्यावर आपोआप फिरत होती. फाटक उघडत होतं, गॉगलवाली बाई येत होती, फाटक उघडत होतं.

"घे गो, पी," बुवा त्या बाईला म्हणाले.

काकी पदराला हात पुसत खाली वाकल्या. त्यांच्या दोन्ही मुलांना कुंदाताईंनीच लशी टोचल्या होत्या. दर शुक्रवारी बाजारातून परतताना कुंदाताई याच पडवीत टेकत. काकींनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"ही कोण गो? सिनेमातली?"

…

चहाची वाफ काचेवर धरली. पडद्यातली बाई त्या धुक्यातून येत राहिली. कपातल्या चहावर साय जमली. काकी दोघांकडे आळीपाळीने बघून, काही न कळून, आत निघून गेल्या.

रेवतीने कप बाजूला सरकवला. रील बंद केली. ओढणीने काच पुसली आणि फोन लावला.

"ताई, मी रेवती. बुवांकडे आहे."

"काय म्हणाले?" पलीकडून आवाज आला.

रेवतीने बुवांकडे पाहिलं. ते भात्यावरचं कातडं बोटाने दाबून बघत होते, सुकलंय का ते.

"ताई, उद्या सकाळी आठ वाजता. गॉगल नको. रोजची चप्पल घाला. तुम्ही लस द्यायला जायचात ना, तसंच दारोदार जायचं. मी नुसती मागून येते."



"पाय दिसतलो मगे," कुंदाताई म्हणाल्या.

"दिसणार."

"आवाज येतलो त्येचो."

"यायलाच हवा."

…

पलीकडून इतका वेळ आवाज येईना की रेवतीला वाटलं, फोन ठेवला. तिने कानापासून दूर धरून बघितलं. चालू होता.

"ताई, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला. मग घसा साफ केल्याचा.

"आठाक नको," कुंदाताई म्हणाल्या. "सातांक ये. आठाच्या मागसून लोक कामाक जातत, घरात कोण गावणा नाय. आणि तू बूट घालून येव नको, पाणंदीत घसारा आसा. पडशीत."

फोन बंद झाला.

साय बाजूला करून तो तिसरा कप रेवतीनेच पिऊन टाकला. पार गार झाला होता, पण तिला गोड लागला.

बुवांनी झाकण उघडलं आणि भाता हलवला. हवा कुठे निसटत नव्हती. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर.

उठता उठता रेवती थांबली. धंद्याची खोड अशी लगेच थोडीच जाते.

"बुवा, एक विचारू? खाली गाणं घालावंच लागतं, नाहीतर लोक थांबत नाहीत. पण आता… चाल काढूनच टाकू का?"

बुवा हो म्हणतील याची तिला खात्री होती. इतक्या वेळात तेच तर आपण शिकलो, असा तिचा समज झाला होता.

बुवा वाजवू लागले. पहिल्या दोन सुरांतच रेवती दचकली. तिच्या रीलचंच गाणं होतं ते. या आठवड्यात देशभर उसळलेलं, बुवांनी आज दुपारी मोबाइलवर अवघं चार वेळा ऐकलेलं. एकही सूर इकडचा तिकडे नव्हता. फक्त दर तिसऱ्या थापेला बुवा भाता किंचित ओढून धरत होते, आणि सूर जरासा फरपटत, पण नेमका, समेवर येत होता.

आत काकींनी पुन्हा भांडी थांबवली.

"काढतंस कित्याक?" पट्ट्यांवरचा हात न थांबवता बुवा म्हणाले. "चाल उसनी चलता गो. पाय घरचो होयो."