मरिसोलचा व्हिसा

एक होता हरेश्वर नाखवा, जहाजावरचा स्वयंपाकी, आणि एक होती त्याची बायको मरिसोल, पार फिलिपिन्सहून नांदायला आलेली. तिचा व्हिसा संपत आला. वाढवून मिळाला नाही तर बिचारीला भरलं सासर सोडून जावं लागणार. म्हणून दोघं गेली कचेरीत.

साहेब मोठा ऐटीचा. म्हणाला, "असली लग्नं खोटी असतात. मी बरोबर पकडतो!" त्यानं दोघांना वेगवेगळं बोलावून एकच विचारलं, "घरात घोरतं कोण?"

हरेश्वर म्हणाला, "ती."

मरिसोल म्हणाली, "हेच की!"

साहेबानं टेबलावर हात आपटला. "उत्तरं जुळत नाहीत. लग्न खोटं!"

मरिसोलनं विचारलं, "साहेब, तुमच्याकडे कोण घोरतं?"

"आमची बायको."

"मग लावा फोन, विचारा त्यांना."

साहेबानं तोऱ्यात फोन लावला. पलीकडून सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा आवाज आला, "अहो, विचारता काय? तुम्हीच! भिंती हलतात!"

मरिसोल म्हणाली, "अगंबाई! म्हणजे साहेब, तुमचंही लग्न खोटंच?"

कचेरी खो खो हसली. साहेबालाही हसू फुटलं, आणि त्यानं व्हिसा वाढवल्याचा शिक्का मारला.

सासूनं दारातच सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. वर्ष सरायच्या आत नाखव्यांच्या घरात पाळणा हलला.