चाळीस दिवसांची सावली

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. तिथल्या कड्यावर एक कडू मुळी उगवायची. पावसाळी ताप चढला की तिच्या चिमूटभर चूर्णानं उतरायचा. लोकांनी खणून खणून कडा उघडा पाडला. उरली जेमतेम वीस झुडपं.

त्या राज्यात एक रोपवाली होती. तिनं त्या विसांतलं सर्वांत कडू मुळाचं झुडूप हेरलं. त्याचा नखाएवढा कोंब काचेच्या बरणीत, गोड लिबलिबीत खळीत वाढवला. एकाचे दहा झाले, दहाचे शंभर. तीन वर्षांत दहा हजार बरण्या हिरव्यागार झाल्या.

प्रधानाला खबर लागली. तो लगबगीनं आला.

"परवा महाराजांचा वाढदिवस. सगळी रोपं कड्यावर लावून टाकू."

"प्रधानजी, यांनी अजून ऊन पाहिलेलं नाही, वारा पाहिलेला नाही. आधी चाळीस दिवस ओल्या कापडाखाली, सावलीत ठेवावी लागतील. नाहीतर माना टाकतील."

"मग महाराजांना सांगतेस का, यंदा जरा उशिरा जन्माला या म्हणून?"

बरोबरचे कारकून खो-खो हसले. जाताजाता प्रधान हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी या बरण्या कुणाकडे द्यायच्या, तेही मीच ठरवतो बरं."

ते दोन दिवस रोपवाली एका जागी बसली नाही. बरणी उचलायची, पुन्हा ठेवायची. राजवाड्याच्या दारापर्यंत जायची, परत फिरायची.

वाढदिवशी राजा कड्यावर आला. त्यानं सरळ तिलाच विचारलं, "बाई, रोपं जगतील ना? प्रधान म्हणतात, जुनी झुडपं खणून आज सगळ्यांना काढा पाजू. तुझ्या शब्दावर परवानगी देतो."

तिनं प्रधानाकडे पाहिलं. तो हसत होता.

"जगतील, महाराज."

झालं! नगारे वाजले, हार पडले, भाषणांवर भाषणं झाली. दहा हजार रोपं भर उन्हात रोवली गेली. शेवटची वीस झुडपं मुळांसकट कढईत गेली. अंगात तापाचा पत्ता नसलेल्या धडधाकट माणसांनी तो काढा सरबतासारखा ढोसला. दुपार कलायच्या आत सगळी रोपं उकडलेल्या भाजीसारखी आडवी झाली. प्रधानानं बरण्या मोजून, एकूण एक नेल्या होत्या; पुन्हा वाढवायला एक कोंबही मागे उरला नव्हता.

श्रावणात ताप आला. घरोघरी माणसं फणफणली. प्रधानानं दवंडी पिटवली, "रोपं मुळातच नाजूक निघाली. दोष कुणाचाच नाही."

रोपवालीला ते ऐकवेना. ती तडक चावडीवर गेली आणि ओरडली, "खोटं आहे! रोपं चांगली होती. त्यांना चाळीस दिवस हवे होते. मला ते ठाऊक होतं, तरी प्रधान बरण्या काढून घेईल या भीतीनं मी राजाला जगतील म्हणून सांगितलं."

गर्दीत तापलेल्या मुलाला पाठीशी बांधून एक धनगर उभा होता. तो पुढे आला.

"बाई, त्या दिवशी बोलली असतीस तर तुझ्या बरण्या गेल्या असत्या. आज माझं पोर जातंय."



तात्पर्य: रोपाला लागणारे दिवस कुणाच्या हुकमानं कमी होत नाहीत; आणि हे ठाऊक असूनही जो भिऊन होकार देतो, तो हुकूम सोडणाऱ्याइतकाच गुन्हेगार असतो.