पाठवणीच्या मेंढ्या

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुन्या, ते मला विचारू नका; माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं. डोंगरावर एक लहानसं राज्य होतं. तिथली माणसं मेंढ्या पाळायची, लोकर कातायची आणि घोंगड्या विणायची. वर्षातून एकदा खिंडीत बाजार भरे. सपाटीवरचे व्यापारी धान्य, मीठ, गूळ, रेशीम घेऊन यायचे आणि बदल्यात घोंगड्या न्यायचे.

घोंगड्या कमी पडल्या, तर उरलेल्या मालापोटी मेंढ्या द्यायच्या, अशी रीत होती. पण डोंगरातली माणसं मोठी मानी! कमी पडलं म्हणून देतोय, असं कोण कबूल करील? त्यांनी त्याला नाव दिलं पाठवणी. लेक सासरी निघावी तशी मेंढ्यांना हळद लावायची, ढोल वाजवायचे. रोडकी मेंढी दिली तर अब्रू जाईल, म्हणून नेमक्या गाभण मेंढ्या निवडून द्यायच्या. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

राजाच्या आजोबांच्या काळी शंभर मेंढ्या जात. तेव्हा सगळे उतार मेंढ्यांनी पांढरे असत; शंभरांचं कुणाला काय वाटणार? राजा गादीवर बसला तेव्हाही शंभरच जात होत्या, आणि त्याला याचा भारी अभिमान होता.

एका वर्षी पाठवणीहून परतताना राणी सारखी थांबून उतारांकडे पाहत होती.

"काय झालं?" राजानं विचारलं.

"अहो, खिंडीपासून इथवर एकही कळप आडवा आला नाही. पूर्वी चालायला वाट मिळायची नाही."

"उगाच जिवाला घोर लावून घेतेस. शंभरच तर दिल्या. आजोबाही शंभरच देत."

"आजोबा डोंगरभर मेंढ्यांतून देत," राणी म्हणाली. "आपण कितीतून देतोय?"

"बाजारात हात आखडला तर लोक काय म्हणतील?" राजा तडकला आणि पुढे चालू लागला.

मेंढ्या घटल्या तशी लोकर घटली, घोंगड्या घटल्या. मग तूट भरायला मेंढ्या आणखीच जास्त लागू लागल्या. गूळ-रेशीम मात्र कुणाला सुटेना. शेवटी राजाचे डोळे उघडले. त्यानं व्यापाऱ्यांपुढे चक्क हात जोडले. "यंदा मेंढ्या नेऊ नका. कळप वाढू द्या. पुढे दुप्पट घोंगड्या देतो."

"कशाच्या विणणार, महाराज?" व्यापारी म्हणाला. माणूस वाईट नव्हता, खरं तेच बोलत होता. "गाभण मेंढ्या तर सगळ्या आमच्याकडे आल्या."

पोरांच्या पोटाला धान्य तर हवंच होतं. राजानं उरल्यासुरल्या मेंढ्याही दिल्या. त्या दिवशी तो ढसाढसा रडला, पण आता रडून काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी धनगर बायकापोरांसह डोंगर उतरू लागले. मेंढ्या सपाटीवर, म्हणजे काम सपाटीवर. राजा वाटेत आडवा उभा राहिला.

"आबा, तुम्ही तरी थांबा," तो सगळ्यांत म्हाताऱ्या धनगराला म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

म्हाताऱ्यानं त्याचे हात धरले. त्याचेही डोळे भरून आले होते.

"थांबलो असतो रे लेकरा. पण इथं राखू काय?"

राजानं आपले हात सोडवून घेतले. तो बाजूला झाला, आणि माणसं निघून गेली.

तात्पर्य: किती गेलं एवढंच पाहू नये, कितीतून गेलं, तेही वेळेवर पाहावं.