बसलेल्याचा नियम

"मग आबा, मी खेळ सोडू की कॉलेज सोडू?"

"आधी फक्कीवरचा पाय सोड."

केतकीनं खाली बघितलं. आबांनी नुकत्याच मारलेल्या पांढऱ्या रेषेवर तिच्या बुटाचा भलामोठा ठसा उमटला होता. ती चटकन मागं सरली, तर दुसरा पाय मागच्या रेषेवर!

आबा खलाट्यांनी घमेलं उचललं आणि पुन्हा फक्की मारायला घेतली. फलटणच्या त्या मैदानावर पोरी खो-खो शिकल्या त्या याच म्हाताऱ्याच्या हाताखाली. शाळेतली नोकरी संपली, एक गुडघा कामातून गेला, पण ऊन कललं की स्वारी मैदानावर हजर. केतकी भोईटे त्यांची लाडकी. कॉलेजच्या संघाची कप्तान, शेवटच्या वर्षाला. पळायला लागली की भल्याभल्यांच्या तोंडाला फेस आणायची, आणि हे तिला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

"आबा, मी तसं सगळं ठरवलंय."

"मग मला कशाला विचारतेस?"

"ऐका तर खरं! रविवारी राज्याच्या संघाची निवड. निवड झाली की प्रमाणपत्र. त्याच्यावर खेळाडूंच्या जागेतून नोकरी. निवड नाही झाली तर पोलीस भरती. तिथं उंची कमी पडली तर बँकेची परीक्षा. त्यात नापास झाले तर बी.पी.एड. आणि समजा पाय मोडला..."

"कधी मोडणार आहे?"

"समजा म्हटलं हो!"

"नाही, दिवस ठरला असेल तर मी मोकळा राहीन. दवाखान्यात कुणीतरी सोबत पाहिजे."

केतकीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. इकडं जीव टांगणीला लागलाय आणि म्हाताऱ्याला थट्टा सुचतेय!

आबांनी घमेलं खाली ठेवलं.

"यात झोपतेस कधी?"

"तेवढंच यात बसत नाही," केतकी म्हणाली.

खरं होतं ते. किती तरी रात्री ती पहाटेपर्यंत पंख्याकडं बघत पडायची. मागच्या सामन्यात तर छातीत असं धडधडायला लागलं, हात असे बधिर झाले, की तिला वाटलं आपण इथंच मरतो आता. सगळ्यांना तिनं सांगितलं, ऊन लागलं. सामना दिवे लागल्यावर होता. आई रोज विचारायची, "काय गं, जागीच?" ही सांगायची, "अभ्यास." मैत्रिणींना सांगावं तर कप्तानाची अब्रू गेली. खेळाडूंच्या मनातलं ऐकून घ्यायला कॉलेजनं जिमखान्याशेजारच्या खोलीत एक बाई नेमल्या होत्या, पण त्या दारात पाऊल टाकलं की गावभर बोभाटा. कुणी म्हणून जात नव्हतं. बसून बसून बाईंनी एक अख्खा स्वेटर विणून काढला होता.

आणि आता रविवार तोंडावर आला होता. पुन्हा तसं झालं तर? हा प्रश्न घेऊनच ती आली होती. विचारला मात्र भलताच.

तेवढ्यात शेजारच्या शेवंताकाकूंची बकरी मैदानात शिरली. कोपऱ्यातल्या मारुतीच्या गळ्यातला अर्धा हार तिनं खाल्ला होता, उरलेला तोंडात होता.

"ती धर," आबा म्हणाले. "धरलीस की सांगतो, काय सोडायचं ते."

"एवढंच?"

"खेळाच्या नियमानं हं. मधली पट्टी ओलांडायची नाही. उलटं फिरायचं नाही. पलीकडं जायचं तर खांबाला वळसा."

असं म्हणून आबा मधल्या पट्टीतल्या एका चौकोनात तिच्याकडं पाठ करून बसले. उकिडवं बसायला गुडघा तयार होईना, मग सरळ मांडीच घातली.

केतकी सुटली. बकरीनं तिला अगदी हाताच्या अंतरावर येऊ दिलं, आणि मग आबांच्या शेजारून टुणकन पट्टीपलीकडं. केतकी खांबाला वळसा घालून तिकडं पोचते, तोवर बकरी अलीकडं. पुन्हा वळसा. पुन्हा बकरी पलीकडं. जाता जाता तिनं हारातलं आणखी एक फूल खाल्लं.

रस्त्यावर दोघे जण सायकली थांबवून उभे राहिले.

"ताई, डावीकडनं!" त्यातला एक ओरडला.

"तुम्ही तुमच्या वाटेनं जा हो!"

घाम डोळ्यांत उतरला. श्वास लागला. बकरी मात्र लग्नाला आल्यासारखी फिरत होती.

"दमलीस?" आबांनी पाठमोरंच विचारलं.

"छट्!"

आणखी एक वळसा... आणि बकरी पुन्हा आबांना घासून निघून गेली. मग मात्र केतकीचा तोल सुटला.

"आबा, नाकासमोरून गेली तुमच्या! नुसते बसलात काय? उठा की!"

"मला उठता येत नाही."

"गुडघा?"

"नियम."

केतकी जागच्या जागी थांबली.

खो मिळाल्याशिवाय बसलेल्यानं उठायचं नाही, उठलं तर फाऊल. बारक्या पोरींना हे तिनंच शिकवलं होतं. मागच्या सामन्यात तिच्या आठ जणी अशाच बसल्या होत्या, टाच उचलून, कान टवकारून. आणि ही एकटीच पळत होती, एकीलाही खो न देता, हात बधिर होईपर्यंत.

...

ती आबांच्या मागं आली. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्याखाली नुसती हाडं लागली.

"खो," ती पुटपुटली.

आबा हलले नाहीत.

"आबा, दिला की!"

"पुटपुटलेला खो धरत नाहीत. मोठ्यांदा दे."

"खो!"

एवढ्या जोरात ओरडली की सायकलवाले दचकले. आणि त्या आवाजाबरोबर तिचं रडूच फुटलं.

आबा गुडघ्यावर हात टेकत, "आई गं" करत उठले. रिकाम्या चौकोनात केतकी बसली. खो देणाऱ्यानं बसायचं, तोही नियमच. आबांनी खिशातून भाकरीचा तुकडा काढला.

"ये गं बये."

बकरी आली. आबा तिचा कान धरून केतकीजवळ येऊन बसले. आणि मग केतकीनं सगळं सांगितलं. पंखा, छातीतली धडधड, न लागलेलं ऊन, आणि रविवारी पुन्हा तसंच होईल ही भीती. आबांनी ऐकून घेतलं. बकरीनंही ऐकून घेतलं.

सांगून झाल्यावर केतकीनं ओढणीला नाक पुसलं.

"आता बोला. काय सोडू? बकरी तर धरली."

"तू कुठं धरलीस? मी धरली."

रडता रडता केतकीला हसू फुटलं.

"रविवारी येतेस?"

"झोप लागली तर येते. नाही लागली तर तसं तुम्हाला सांगते." केतकीनं बकरीच्या पाठीवरून हात फिरवला. "आणि उद्या त्या बाईंकडं जाते म्हणते. दुसरा स्वेटर सुरू व्हायच्या आत."

ती उठली, कपडे झटकले. या वेळी रेषेवर पाय पडणार नाही असं बघून निघाली.

"घरी कोण आहे आत्ता?" आबांनी मागून विचारलं.

"आई. बसली असेल चुलीपाशी, भाकरी थापत. दाराकडं पाठ करून."

आबांनी बकरीच्या तोंडातनं हार ओढून घेतला, आणि उरलेली दोन फुलं नीट केली.

"मोठ्यांदा दे."